किडनी काढायची की ठेवायची? आधी जोखीम मोजा

लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन झाला, आणि रिपोर्टमध्ये किडनीच्या आतल्या पोकळीत किंवा मूत्रवाहिनीत गाठ असल्याचं लिहून आलं. यानंतर अनेक रुग्णांना एकच वाक्य ऐकायला मिळतं: "किडनी काढावी लागेल." मग पुढचं सगळं बोलणं ऑपरेशनची तारीख, खर्च आणि रक्ताच्या बाटल्या यांवर होतं. या लेखात मला त्या वाक्याशी भांडायचं आहे. ते वाक्य पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत बरोबरच ठरतं, हे आधी कबूल करतो. माझा आक्षेप ते कधी उच्चारलं जातं याला आहे. जोखीम मोजण्याआधी दिलेलं उत्तर बरोबर आलं तरी ते अंदाजपंचे आलेलं असतं. आणि एकदा काढलेली किडनी परत बसवता येत नाही.

दुसऱ्या टोकाचं वाक्यही तितकंच घातक आहे: "काही नाही हो, खडा असेल." चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखता लघवीतून रक्त जातं, आणि त्याला उन्हाळी, उष्णता, खडा, इन्फेक्शन अशी नावं देत अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स चालतात. बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच होतं, कारण रक्त दिसलं की ते पाळीचं किंवा पाळी जातानाचं धरलं जातं. हा कॅन्सर असलेल्या ७० ते ८० टक्के रुग्णांत लघवीतलं रक्त हे लक्षण आढळतं, आणि ते रोज जातंच असं नाही. मध्येच आपोआप थांबतं. मग औषधाने गुण आला असं डॉक्टरला, रुग्णाला, घरच्यांना, सगळ्यांना वाटतं.

एक वाक्य घाबरवतं, दुसरं निर्धास्त करतं. दोन्हींमागची उणीव सारखीच आहे: समोर बसलेल्या माणसाची जोखीम किती, हे कोणी मोजलेलंच नसतं.

हा कॅन्सर नेमका कुठला?

लघवी किडनीच्या मांसात तयार होते. तिथून ती किडनीच्या आतल्या नरसाळ्यासारख्या पोकळीत उतरते. पुढे साधारण २५ सेंटिमीटर लांबीची एक बारीक नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, ती खाली मूत्राशयात नेऊन सोडते. नरसाळं, नळी, मूत्राशय या सगळ्यांना आतून एकाच जातीचं अस्तर असतं. त्याला युरोथेलियम म्हणतात. या अस्तराचे बहुतेक कॅन्सर मूत्राशयात होतात. फक्त ५ ते १० टक्के वरच्या भागात, म्हणजे नरसाळ्यात किंवा नळीत होतात. आपण बोलतोय ते या ५ ते १० टक्क्यांबद्दल. डॉक्टरांच्या भाषेत त्याला 'अप्पर ट्रॅक्ट युरोथेलियल कार्सिनोमा' असं लांबलचक नाव आहे.

आजार तसा विरळ असल्यामुळे त्याची गल्लत त्याच्या दोन शेजाऱ्यांशी होते, आणि दोन्ही गल्लती महागात पडतात.

पहिली गल्लत किडनीच्या मांसाच्या कॅन्सरशी होते. त्या आजारात गाठ लहान असेल तर तेवढीच कापून काढता येते. मोठी असेल तर किडनी काढतात, पण मूत्रवाहिनी पूर्ण काढण्याची गरज नसते. अस्तराच्या कॅन्सरमध्ये हिशेब वेगळा आहे. जास्त जोखमीच्या गाठीसाठी किडनी काढायचं ठरलं, तर तिच्यासोबत सबंध मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयात जिथे शिरते तिथला भिंतीचा तुकडाही काढावा लागतो. याला नेफ्रोयुरेटेरेक्टॉमी म्हणतात. नळीचा तुकडा मागे राहिला तर त्याच अस्तरात कॅन्सर पुन्हा उगवण्याची भीती असते. म्हणून "किडनी काढायची" एवढंच कोणी म्हणालं, तर लगेच विचारा: "डॉक्टर, हा किडनीच्या मांसाचा कॅन्सर आहे की आतल्या अस्तराचा?" या प्रश्नाला उत्तर नसेल तर ऑपरेशनची तारीख ठरवण्याची वेळ आलेली नाही.

दुसरी गल्लत मूत्राशयाच्या कॅन्सरशी होते. ही जास्त करून नातेवाईक करतात. "आमच्या मामांना लघवीच्या पिशवीत गाठ होती, दुर्बिणीने खरवडून काढली, आज इतकी वर्षं ठणठणीत आहेत." मामांचं ऐकून आनंद होतो, पण त्यांचा अनुभव इथे लागू पडत नाही. मूत्राशयाची भिंत जाड स्नायूची असते. मूत्रवाहिनीची आणि नरसाळ्याची भिंत त्यामानाने फार पातळ, त्यामुळे गाठीला मुळं खोल घालायला फारसा प्रवास करावा लागत नाही. निदानाच्या वेळी वरच्या भागातल्या सुमारे ६० टक्के गाठी भिंतीत शिरलेल्या असतात. मूत्राशयात हेच प्रमाण १५ ते २५ टक्के असतं. अस्तर एक असलं तरी दोन्ही ठिकाणची जोखीम सारखी नाही.

मोजायचं म्हणजे काय?

युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी एक साधी विभागणी केली आहे: कमी जोखीम आणि जास्त जोखीम. अमेरिकन संघटनेने २०२३ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत याच दोन गटांचे पुन्हा दोन-दोन उपगट पाडले. तपशिलात फरक आहेत, पण गाभा सारखाच आहे आणि तो कोणत्याही रुग्णाला समजण्यासारखा आहे.

कमी जोखीम म्हणायला सगळ्या अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात. गाठ एकच हवी. ती २ सेंटिमीटरपेक्षा लहान हवी. लघवीतल्या पेशींच्या तपासणीत, म्हणजे सायटॉलॉजीत, उग्र जातीच्या पेशी दिसता कामा नयेत. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात गाठ सौम्य, म्हणजे 'लो ग्रेड' आलेली हवी. आणि सीटीवर गाठ भिंतीबाहेर किंवा भिंतीत घुसल्याची खूण नको. जास्त जोखमीचं उलट आहे: तिथे उग्र ग्रेड, सीटीवर घुसखोरीची खूण, गाठीमुळे किडनीला आलेली सूज, पूर्वी उग्र कॅन्सरसाठी मूत्राशय काढलेलं असणं, यांतली एक गोष्टसुद्धा पुरते. आकार आणि गाठींची संख्या यांना किती वजन द्यायचं यावर तज्ज्ञांत थोडी घासाघीस चालू असते. ग्रेडबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही.

इथे 'ग्रेड' आणि 'स्टेज' यांतला फरक सांगायलाच हवा, कारण रुग्णांना हे दोन शब्द एकच वाटतात आणि काही वेळा आम्हीही ते घाईत तसेच बोलून जातो. ग्रेड म्हणजे पेशींचा स्वभाव, त्या किती उग्र आहेत ते. स्टेज म्हणजे त्या कुठवर पोचल्या आहेत ते. मूत्रवाहिनीत शिरणारी दुर्बीण इतकी बारीक असते की तिच्यातून निघणारा तुकडा टाचणीच्या डोक्याएवढा. त्यावरून स्वभावाचा अंदाज येतो, पण मुळं किती खोल गेली हे खात्रीने कळत नाही. स्वभावाचा अंदाजही अनेकदा फसतो. दुर्बिणीच्या बायॉप्सीत 'लो ग्रेड' आलेल्या गाठींपैकी जवळपास एक तृतीयांश गाठी, किडनी काढून पूर्ण तपासल्यावर, 'हाय ग्रेड' निघाल्याचं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. "बायॉप्सी चांगली आली" म्हणून पेढे वाटू नयेत ते यासाठी. आणि कुठल्याही एका रिपोर्टावर जोखीम ठरत नाही तेही यासाठीच. सीटी, सायटॉलॉजी, दुर्बीण आणि बायॉप्सी यांच्या साक्षी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.

एवढा खटाटोप का करायचा? कारण त्यावर किडनी अवलंबून आहे. खऱ्या अर्थाने कमी जोखीम असलेल्या रुग्णात दुर्बिणीतून लेसरने गाठ जाळून किंवा मूत्रवाहिनीचा तेवढाच भाग कापून किडनी वाचवता येते, आणि कॅन्सरपासून मिळणारं संरक्षण किडनी काढण्याइतकंच असतं असं आजवरचे अभ्यास सांगतात. जास्त जोखमीच्या रुग्णात हाच मोह जिवावर बेततो. किडनी वाचवण्याच्या नादात जीव गमावू नये आणि जिवाच्या भीतीने विनाकारण किडनी गमावू नये. या दोन्हींतून वाट काढण्यासाठी आपल्या हातात एवढीच विभागणी आहे. ती करायला मिळते दोन-तीन आठवड्यांत. तेवढंही करायचं नाही?

"इतकं कुठे बघत बसायचं?"

माझ्या व्यवसायबंधूंचे यावर तीन आक्षेप असतात. ते खोडसाळ नाहीत, म्हणून त्यांना उत्तर देतो.

पहिला खर्चाचा: "गरीब माणसाला इतक्या तपासण्या कशाला?" जोखीम मोजणं म्हणजे उपलब्ध असेल ती प्रत्येक तपासणी करणं, असा समज यामागे आहे. तो चुकीचा आहे. सायटॉलॉजीला लागते लघवी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा जाणकार पॅथॉलॉजिस्ट, बाकी काही नाही. सीटी तर झालेलाच असतो, फक्त तो 'सीटी युरोग्राफी' पद्धतीने, म्हणजे औषध लघवीत उतरल्यावरचे फोटो घेऊन केलेला हवा. या दोन्हींतून जोखीम जास्त असल्याचं स्पष्ट दिसत असेल, तर दुर्बीण घालण्याची गरजच नाही. उलट ती टाळावी. मूत्रवाहिनीत दुर्बीण घालून मग किडनी काढलेल्या रुग्णांत पुढे मूत्राशयात कॅन्सर उगवण्याचं प्रमाण जास्त दिसतं. गाठीच्या पेशी खाली सांडत असाव्यात. म्हणजे नीट मोजलं तर काहींचा एक खर्च आणि एक भूल वाचते. दुर्बीण लागते ती जिथे संशय आहे तिथे, आणि किडनी वाचण्याची शक्यता आहे तिथे.

दुसरा आक्षेप वेळेचा: "तोवर पसरेल ना!" हे वाक्य नातेवाईकांच्या तोंडीही असतं, आणि त्यामागची धडपड मला समजते. भिंतीत शिरलेल्या गाठीचं ऑपरेशन निदानापासून १२ आठवड्यांच्या आत व्हावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. हे लांबवण्याचं निमित्त समजू नये. पण जोखीम मोजायला लागणारे दोन-तीन आठवडे या मुदतीत आरामात बसतात. खरा वेळ कुठे गेलेला असतो ते रुग्णाच्या फाइलमध्येच दिसतं: पहिल्यांदा रक्त गेल्यापासून पहिल्या सीटीपर्यंत. तिथे सहा महिने गेले तरी कोणी घाई करत नाही, आणि निदान झाल्यावर मात्र एका आठवड्यात किडनी टेबलावर ठेवायची असते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि मला तो अर्धा मान्य आहे: "आपले पेशंट परत येत नाहीत." किडनी वाचवली की काम संपत नाही, ते सुरू होतं. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहायचं. तीन आणि सहा महिन्यांनी मूत्राशयाची दुर्बीण आणि सीटी करायचा. मग किमान पाच वर्षं दरवर्षी तेच. जो माणूस गावाहून तीन गाड्या बदलून येतो, ज्याची एक दिवसाची मजुरी बुडली तर घरात ओढाताण होते, त्याला हे झेपेल का? झेपणार नसेल, तर त्याच्यासाठी किडनी वाचवण्याचा मार्ग खरोखरच जास्त धोक्याचा आहे, आणि हे जोखमीच्या हिशेबात धरायलाच हवं. माझं म्हणणं इतकंच की हे त्याला विचारा. कपड्यांवरून, गावावरून, आडनावावरून आपल्या मनात ठरवून टाकू नका. मी पाहिलंय, ज्यांच्याकडे बघून "हे कसले परत येतायत" असं वाटावं ते लोक तारखेच्या आदल्या रात्रीच एसटी स्टँडवर येऊन झोपतात. आणि गाडीतून येणारे दोन तपासण्या झाल्या की फोनही उचलत नाहीत.

दुसरी किडनी आहे ना!

"एक किडनीवर माणूस जगतो, लोक दान नाही का करत?" हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की त्यावर थांबावंच लागेल. किडनी दान करणारा माणूस निवडलेला असतो. त्याच्या दोन्ही किडन्या उत्तम आहेत हे शंभर वेळा तपासून मगच त्याची किडनी घेतात. आपला रुग्ण साठी-सत्तरीतला असतो, त्याला बहुतेकदा मधुमेह किंवा रक्तदाब असतो, अनेक वर्षांची सिगारेट किंवा बिडी असते. दोघांची तुलना करणं म्हणजे नव्या गाडीचा टायर आणि दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचा टायर एकच समजणं.

त्यातून "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" हा दिलासा फार फसवा आहे. उदाहरण घेऊ. क्रिएटिनिन १.२ आलं. तीस वर्षांच्या पुरुषात या आकड्याचा अर्थ किडन्यांची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर. सत्तर वर्षांच्या बाईत त्याच १.२ चा अर्थ सुमारे ४९. आकडा तोच, पण दुसऱ्या रुग्णाकडे पुंजी बरीच कमी. त्यातली एक किडनी काढली की काय उरेल याचा हिशेब ऑपरेशनआधी करायचा असतो. डीटीपीएसारख्या स्कॅनमधून कोणत्या किडनीचा कामात किती वाटा आहे ते कळतं. गाठीने वाट अडवून आधीच निकामी झालेली किडनी जेमतेम दहा टक्के काम करत असेल, तर ती काढल्याने फारसं बिघडत नाही. पन्नास टक्के काम करणारी किडनी काढणं हा वेगळाच निर्णय आहे.

आता यात एक पेच आहे, जो रुग्णांना क्वचितच कोणी सांगतं. या कॅन्सरवर सर्वांत परिणामकारक ठरलेल्या केमोथेरपीत सिसप्लॅटिन नावाचं औषध असतं. ते किडनीला जड जातं, म्हणून ईजीएफआर साधारण ५० ते ६० च्या खाली असेल तर ते देता येत नाही. म्हणजे ऑपरेशनआधी जो रुग्ण हे औषध घेऊ शकला असता, तो किडनी काढल्यानंतर कदाचित घेऊ शकणार नाही. काही जास्त जोखमीच्या रुग्णांत केमोथेरपी ऑपरेशनच्या आधी देण्याचा विचार करतात तो या कारणासाठी. म्हणून जास्त जोखीम दिसली की ऑपरेशनच्या तारखेआधी कॅन्सरच्या औषधांच्या डॉक्टरांना, म्हणजे मेडिकल ऑन्कोलॉजिस्टना, एकदा भेटा. सर्जन पाठवत नसतील तर तुम्ही मागा. सर्जनचा राग येईल ही भीती बाजूला ठेवा. चांगल्या सर्जनला राग येत नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो?

नाही. किडनी काढल्यावर जोखीम पुन्हा नव्याने मोजायची असते, कारण आता पूर्ण गाठ पॅथॉलॉजिस्टच्या हातात असते आणि खरी स्टेज पहिल्यांदाच कळते.

ब्रिटनमध्ये ७१ रुग्णालयांनी मिळून 'पाउट' नावाची एक चाचणी केली. किडनी काढल्यानंतर ज्यांची गाठ स्नायूत किंवा त्यापलीकडे शिरलेली निघाली, किंवा लसिकाग्रंथींत पोचलेली निघाली, अशा २६१ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला ९० दिवसांच्या आत चार फेऱ्यांची केमोथेरपी सुरू केली, दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवलं. तीन वर्षांनंतर आजार न उलटता जिवंत असलेल्यांचं प्रमाण केमो गटात ७१ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात ४६ टक्के. फरक इतका ठळक दिसू लागला की नव्या रुग्णांची भरती मुदतीआधी थांबवली. याची किंमतही सांगतो: केमो घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना तीव्र त्रास झाला, दुसऱ्या गटात ४ टक्क्यांना. हे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. वापरलेली औषधं जुनी आहेत आणि आपल्याकडे सहज मिळतात. असं असताना "सगळं काढलंय, आता काही नको" असं सांगून रुग्णाला घरी पाठवायचं आणि ९० दिवस निघून जाऊ द्यायचे, याला मी सौम्य शब्द वापरू शकत नाही.

दुसरी गोष्ट आणखी स्वस्त आणि आणखी दुर्लक्षित आहे. या ऑपरेशननंतर साधारण चारपैकी एका, काही अभ्यासांत त्याहून बऱ्याच जास्त रुग्णांना पुढे मूत्राशयात कॅन्सर उगवतो. ब्रिटनमधल्याच एका चाचणीत ऑपरेशननंतर लघवीची नळी काढण्याच्या वेळी मायटोमायसिन या औषधाचा एकच डोस मूत्राशयात सोडला. पहिल्या वर्षात मूत्राशयात कॅन्सर उगवण्याचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. फक्त एक डोस, तोही नळीतून. मूत्राशयाचं टाकं भरलं आहे ना, गळती नाही ना, हे पाहून तो देतात. ऑपरेशनआधीच विचारून ठेवा: "मूत्राशयात औषध सोडणार आहात का? नसाल, तर का नाही?"

घरात न विचारले जाणारे प्रश्न

आता थोडं तुमच्याशी भांडतो, म्हणजे रुग्णांच्या घरच्यांशी. "डॉक्टर, त्यांना कॅन्सर आहे हे सांगू नका, खचून जातील." दार अर्धवट लोटून, हळू आवाजात केलेली ही विनंती आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यामागचं प्रेम खरं आहे. पण ज्याला आजार माहीत नाही तो पाच वर्षं दुर्बिणीसाठी का येईल? सिगारेट किंवा बिडी का सोडेल? धूम्रपानाने या कॅन्सरची शक्यता अडीच ते सात पट वाढते. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच्याकडून मला जी माहिती हवी आहे ती तो देणार कशी?

पहिली माहिती औषधांची. ऑरिस्टोलोकिक ॲसिड हे काही वनस्पतींत असणारं द्रव्य किडनी निकामी करतं आणि नेमका हाच कॅन्सर घडवतं. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात वजन उतरवण्याच्या गोळ्यांत चुकीची चिनी वनस्पती आल्याने अनेक बायकांच्या किडन्या गेल्या. पुढे त्यांतल्या ३९ जणांच्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढल्या, तर १८ जणांत कॅन्सर सापडला. ते डॉक्टर कॅन्सर दिसण्याची वाट पाहत बसले नाहीत, त्यांनी जोखीम मोजून पाऊल उचललं. बाल्कन देशांतल्या काही खोऱ्यांत गव्हात मिसळणाऱ्या अशाच तणाने पिढ्यान्‌पिढ्या हा आजार पसरवला. तैवानमध्येही या वनस्पतींच्या औषधांमुळे हा कॅन्सर फार दिसतो. आपल्याकडे याच कुळातली ईश्वरी ही वनस्पती, जिला सापसंद म्हणूनही ओळखतात, काही पारंपरिक औषधांत वापरली जाते. म्हणून आम्ही विचारतो की कुठला काढा, कुठलं चूर्ण, कोणाकडून, किती दिवस. तुमच्या श्रद्धेची उलटतपासणी करण्याचा हेतू त्यात नसतो. "घरगुतीच होतं" असं म्हणून तो प्रश्न उडवून लावू नका, पुडी असेल तर घेऊन या.

दुसरी माहिती नात्यांची, आणि इथे आमचं घोडं नेहमी अडतं. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष असतो. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते, तिच्यातल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा अशा घराण्यांत अधू असते. त्यामुळे मोठ्या आतड्याचा कॅन्सर होतो, गर्भाशयाचा होतो, आणि त्याखालोखाल येतो तो हाच, मूत्रमार्गाच्या वरच्या भागाचा. हा दोष असलेल्या आईवडिलांकडून तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मी विचारतो, "घरात कोणाला कॅन्सर?" उत्तर येतं, "नाही, कोणालाच नाही." मग हळूच विचारावं लागतं, आत्या कशाने गेल्या? "पोटाचं काहीतरी होतं." मावशींची पिशवी का काढली? "अंगावरून जात होतं." किती वर्षांच्या होत्या? "असतील पंचेचाळीसच्या." कागद नाहीत, रिपोर्ट नाहीत, आणि पिशवीबद्दल पुरुषांसमोर बोलायचं नाही असा घरातला रिवाज. त्या एका न उच्चारलेल्या शब्दात तीन पिढ्यांची जोखीम दडलेली असते.

रुग्णाचं वय ६० च्या आत असेल, किंवा त्याला स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेला असेल, तर लिंचची तपासणी झालीच पाहिजे. अमेरिकन संघटना तर या कॅन्सरच्या प्रत्येक गाठीवर प्राथमिक चाचणी करा असं म्हणते. त्यासाठी नवीन तुकडा काढावा लागत नाही. काढलेल्या गाठीवरच चार प्रथिनांची चाचणी करतात: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. यातलं एखादं प्रथिन गायब दिसलं तर पुढे रक्ताची जनुकीय तपासणी. लिंच निघाला तर भावंडांची आणि मुलांची तपासणी करता येते. ज्यांच्यात दोष सापडेल त्यांनी पंचविशीच्या आसपास कोलोनोस्कोपी सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करत राहायची. आतड्यातल्या गाठी कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतात.

गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेले असतात, त्याला 'ब्लॉक' म्हणतात. ऑपरेशनला वर्षं उलटली असली तरी त्या ब्लॉकवर ही चाचणी होऊ शकते. डिस्चार्ज घेताना बिलासोबत ब्लॉकचा नंबर लिहून घ्या, आणि लॅब तो किती वर्षं ठेवते तेही विचारा. मावशींचाही ब्लॉक कुठे शिल्लक आहे का, याची त्यांच्या मुलांकडे चौकशी करा.